संगणक निकामी झाला, की निकामी ठरवला?

२०२५च्या दिवाळीनंतर बेंगळुरूतील एका महाविद्यालयात काही कामानिमित्त जाणे झाले. संगणक प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात तीसेक संगणक भिंतीशी रचून ठेवले होते. प्रत्येकाच्या दर्शनी बाजूवर डेड स्टॉक नोंदवहीतील क्रमांक आणि त्यावर लाल शाईची फुली. ‘बिघडले का सगळे?’ असे मी सहज विचारले. प्रयोगशाळा साहाय्यक मूळचे बेळगावचे. मराठीतच उत्तरले, ‘नाही सर. परवापर्यंत मुले यांच्यावरच प्रोग्रॅम लिहीत होती. नवी सिस्टिम यांच्यावर बसत नाही, म्हणून निर्लेखनाला काढलेत.’ त्यांतला एक जोडून पाहिला. सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, आठ गिगाबाइट रॅम, मागाहून बसवलेली एसएसडी. मिनिटभराच्या आत तो सुरू झाला आणि कामाला तयार होऊन वाट पाहत राहिला.

एखादे यंत्र निकामी होणे आणि ते निकामी ठरवले जाणे या दोन घटना वेगळ्या आहेत. पहिलीमागे भौतिकशास्त्र असते: संधारित्र फुगते, डिस्क झिजते, सांधा सुटतो. दुसरीमागे कोणाचा तरी निर्णय असतो. ऑपरेटिंग सिस्टिमसोबत ‘हार्डवेअरच्या किमान गरजा’ म्हणून जी यादी प्रसिद्ध होते, तिच्यात या दोन्ही गोष्टी एकाच मथळ्याखाली, एकाच सुरात लिहिलेल्या असतात. आपण ती यादी निसर्गनियमासारखी वाचतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ती तशी वाचू नये, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

पार्श्वभूमी बहुतेकांना ठाऊक आहे. विंडोज १० ही प्रणाली जुलै २०१५मध्ये आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नियमित पाठिंबा संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अद्यतनांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. संस्थांना ती तीन वर्षांपर्यंत विकत घेता येते. विंडोज ११ हवी असेल, तर यादी अशी: सुसंगत ६४ बिटी प्रोसेसर, किमान एक गिगाहर्ट्झ वेग आणि दोन गाभे, चार गिगाबाइट रॅम, ६४ गिगाबाइट साठवण, यूईएफआय आणि सिक्युअर बूटची सोय, टीपीएम २.० आणि डायरेक्टएक्स १२ला चालणारे ग्राफिक्स. यातील वेग, रॅम आणि साठवणीच्या अटी दहा वर्षांपूर्वीचा कोणताही बरा संगणक सहज पार करतो. सगळी गोम ‘सुसंगत’ या एका विशेषणात आहे. सुसंगत प्रोसेसर म्हणजे कंपनीच्या यादीत नाव असलेला प्रोसेसर. आणि ती यादी, थोडे अपवाद सोडले, तर इंटेलच्या आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७पासून सुरू होते.

अशा याद्यांतील अटी मी तीन गटांत विभागतो: अशक्य, अवघड आणि अमान्य.

पहिला गट अशक्याचा. प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक आज्ञांचा एक संच समजतो. प्रणाली तयार करताना त्याबाहेरची आज्ञा वापरली, तर प्रोसेसर ती पाळूच शकत नाही. ‘पॉपकाउंट’ ही अशीच एक आज्ञा आहे. एखाद्या द्विमान संख्येत एक हा अंक किती वेळा येतो, ते ती मोजते. तेरा ही संख्या द्विमान पद्धतीत ११०१ अशी लिहितात. तिचा पॉपकाउंट तीन. विंडोज ११च्या २०२४मधील २४एच२ या आवृत्तीला पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या आज्ञा अनिवार्य झाल्या. ज्या प्रोसेसरात त्या नाहीत, त्यावर ती प्रणाली सुरूच होत नाही. तेथे विनंती, युक्ती किंवा जुगाड चालत नाही. ही खरी भिंत आहे. पण ती कुठे उभी आहे, ते पाहा. इंटेलच्या प्रोसेसरांत या आज्ञा २००८च्या नेहालेम रचनेपासून आहेत. आज्ञासंचाची भिंत २००८ची आणि पात्रतेची रेषा २०१७ची. मधली नऊ वर्षांची यंत्रे या दोहोंच्या मध्ये अडकली आहेत. व्हरांड्यातले ते तीस संगणक त्यांतलेच.

दुसरा गट अवघडाचा. चार गिगाबाइट रॅमवर प्रणाली चालते. पण ब्राउझरची दहा पाने उघडली, की ती रॅममधील मजकूर डिस्कवर हलवू लागते आणि फिरती हार्डडिस्क असेल तर संगणक धापा टाकतो. येथे सीमारेषा पुसट असते आणि ती वापरावर ठरते. प्रयोगशाळेत सी भाषेचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीला जे पुरते, ते चलच्चित्र संपादकाला पुरणार नाही. हा गट मोजून पाहण्याचा आहे आणि पुष्कळदा एक एसएसडी व थोडी रॅम एवढ्यावर सुटणारा आहे.

तिसरा गट अमान्याचा. यंत्राला आज्ञा समजतात, वेग पुरेसा आहे, तरीही परवानगी नाही. सहाव्या पिढीच्या कित्येक संगणकांत टीपीएम २.० ही सोय फर्मवेअरमध्ये असते. बायोसमध्ये जाऊन ती चालू केली, की झाले. सिक्युअर बूटही असते. तरीसुद्धा ती यंत्रे अपात्र, कारण प्रोसेसरचे नाव यादीत नाही. उलट बाजूही पाहण्याजोगी आहे. ऑगस्ट २०२१मध्ये मायक्रोसॉफ्टने सातव्या पिढीतील मोजके प्रोसेसर यादीत घेतले. त्यांत तिच्याच सर्फेस स्टुडिओ २ या संगणकातील प्रोसेसर होता. शिवाय औद्योगिक व विशेष उपकरणांसाठी असलेल्या विंडोज ११च्या दीर्घ मुदतीच्या आयओटी आवृत्तीत टीपीएम आणि सिक्युअर बूट या अटी ऐच्छिक ठेवलेल्या आहेत. म्हणजे तीच प्रणाली एका ग्राहकाकडे टीपीएमवाचून चालते आणि दुसऱ्याकडे चालत नाही. यावरून कंपनी खोटे बोलते असा अर्थ काढू नये. ‘गरज’ या शब्दात येथे तंत्रज्ञानापेक्षा धोरणाचा वाटा मोठा आहे, एवढे मात्र त्यावरून दिसते.

या धोरणाची बाजू न्यायाने मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. टीपीएम म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी स्वतंत्र, लहानशी तिजोरी. संगणक सुरू होताना प्रत्येक टप्प्यावरच्या सॉफ्टवेअरचा ठसा तिच्यात नोंदवला जातो. जुन्या काळी खलित्यावर लाखेची मोहोर असे; ती तुटलेली दिसली की मजकुरात कोणी ढवळाढवळ केली हे कळत असे, तसेच हे. प्रणाली सुरू होण्याच्या आधीच घुसणाऱ्या घातक सॉफ्टवेअरवर हा चांगला उपाय आहे. याशिवाय नव्या विंडोजमध्ये प्रणालीचा गाभा आभासी कुंपणात ठेवण्याची सोय आहे. तिच्यासाठी लागणारी एक यंत्रणा इंटेलच्या सातव्या पिढीपासून प्रोसेसरातच आहे. त्याआधीच्या प्रोसेसरांवर ती सॉफ्टवेअरने भरून काढावी लागते आणि वेग घटतो. सहाव्या पिढीविरुद्धचा हा युक्तिवाद मला पटतो. मात्र याच युक्तिवादाने सातवी पिढी आत यायला हवी होती, आणि ती बहुतांशी बाहेर राहिली.

तेव्हा विश्वसनीयतेचे कारणही दिले गेले होते. चाचणीत अटी न पाळणाऱ्या यंत्रांवर प्रणालीचा गाभा कोसळण्याचे प्रमाण ५२ टक्क्यांनी अधिक आढळले आणि अटी पाळणाऱ्या यंत्रांचा अनुभव ९९.८ टक्के निर्धोक होता, असे कंपनीने म्हटले. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून कागद-पेन्सिल घ्यावी. ५२ टक्के अधिक, पण कशाच्या? दोन्ही आकडे एकाच मापाचे आहेत असे धरले, तर अटी पाळणाऱ्या हजार यंत्रांत दोन कोसळणार आणि न पाळणाऱ्या हजारांत तीन. सापेक्ष वाढ मोठी, प्रत्यक्ष फरक हजारात एक. औषधांच्या जाहिरातींत हीच गफलत ओळखायला आपण शिकतो. संगणकाच्या बाबतीत मात्र ती ओळखायचे विसरतो. हजारात एकाचा फरकही रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात महत्त्वाचा ठरेल. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तो तीस संगणक भंगारात काढण्याएवढा मोठा आहे का, हा निर्णय प्रयोगशाळेने करायचा आहे. यादी तो परस्पर करून टाकते.

‘मग जुनीच विंडोज चालू ठेवा’ असे कोणी म्हणेल, तर त्याला माझा स्पष्ट नकार आहे. सुरक्षा अद्यतने थांबलेला संगणक इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे दार उघडे टाकून गावाला जाणे. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला आणि ब्रिटनमधील रुग्णालये अडवली. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मार्चमध्येच प्रसिद्ध झालेली होती. ती न बसवलेल्या यंत्रांना त्याने गाठले. तेव्हा पर्याय दोनच उरतात. वाढीव अद्यतने घेऊन ठरावीक काळ काढावा, किंवा त्या यंत्रावर जिची अद्यतने चालू आहेत अशी दुसरी प्रणाली बसवावी.

दुसरी प्रणाली म्हटले, की लिनक्स आलीच. तिच्याविषयीही भाबडेपणा नको. लायनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये इंटेल ३८६च्या संगणकावर तिचा गाभा लिहिला. त्याच ३८६चा आधार २०१३मध्ये आलेल्या ३.८ या आवृत्तीपासून काढून टाकला गेला. उबुंटूच्या २४.०४ आवृत्तीला चार गिगाबाइट रॅम आणि २५ गिगाबाइट जागा लागते. ऑगस्ट २०२५मधील डेबियन १३ने जुन्या ३२ बिटी संगणकांसाठीचे स्वतंत्र प्रतिष्ठापन थांबवले. रेड हॅटच्या दहाव्या आवृत्तीला एव्हीएक्स२ या आज्ञा लागतात, ज्या इंटेलकडे २०१३पासून आल्या. म्हणजे मुक्त प्रणालीही जुन्याला निरोप देतात. फरक कारणांच्या उघडपणात आहे. कोणती आज्ञा नाही म्हणून कोणता प्रोसेसर वगळला, याची चर्चा सर्वांसमोर होते, मूळ प्रोग्रॅम वाचता येतो, आणि एका वितरणाने दार लावले तरी दुसऱ्याचे उघडे असू शकते. निर्णय असतोच, पण त्यावर अपील करता येते.

ही चर्चा बेंगळुरूत बसून करताना मला याच शहरातील दोन यंत्रे आठवतात.

पहिले यंत्र सिम्प्युटर. २००१मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, व्ही. विनय आणि रमेश हरिहरन या प्राध्यापकांनी, विनय देशपांडे यांच्या एन्कोअर सॉफ्टवेअर या बेंगळुरूच्याच कंपनीच्या साथीने, हातात मावणाऱ्या एका स्वस्त संगणकाचा आराखडा मांडला. २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, आजच्या हिशेबात नगण्य अशी काही मेगाबाइट रॅम, वर लिनक्स. भारतीय भाषांत मजकूर वाचून दाखवण्याची सोय होती आणि एकच यंत्र गावातील अनेकांना स्वतःचे म्हणून वापरता यावे यासाठी स्मार्ट कार्डही होते. पुढे २००४मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने त्याचे ‘अमिडा’ हे रूप बाजारात आले. अपेक्षेच्या मानाने ते फारच थोडे विकले गेले; किंमत, वितरण आणि झपाट्याने पसरलेला मोबाइल फोन यांपुढे त्याचा टिकाव लागला नाही. त्या अपयशाला रंगसफेदी करण्याचे कारण नाही. मात्र त्या आराखड्याची दिशा आजही शिकण्यासारखी आहे. त्यांनी आधी विचारले, की अक्षरओळख नसलेल्या माणसाची गरज काय. मग त्या गरजेला पुरेल असे सॉफ्टवेअर आणि त्याला पुरेल एवढेच हार्डवेअर, अशा क्रमाने ते खाली उतरले. आज आपण उलटे चढतो. प्रणाली आधी ठरते, ती हार्डवेअर मागते आणि माणसाच्या गरजेची चौकशी शेवटी होते, किंवा होतच नाही.

दुसरे यंत्र परम प्रवेग. २०२२मध्ये राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली भारतीय विज्ञान संस्थेत तो बसवला गेला. क्षमता ३.३ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला तीन हजार तीनशे लाख कोटी दशांशी गणिते. उभारणी सी-डॅकची, ज्या संस्थेने १९९१मध्ये पुण्यात विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० साकारला, तीच ही. परम प्रवेगही लिनक्सवरच चालतो. जगातील पाचशे सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीतील सगळेच्या सगळे नोव्हेंबर २०१७पासून लिनक्सवर आहेत. तळहातावरचा सिम्प्युटर आणि खोली व्यापणारा परम प्रवेग यांच्या गणनशक्तीत कोट्यवधी पटींचे अंतर आहे. तरीही दोघांच्या मुळाशी एकाच कुळातला गाभा. त्याला हवे तसे कापता, जोडता येते, म्हणून हे शक्य झाले. ‘ऑपरेटिंग सिस्टिमला एवढे हार्डवेअर लागतेच’ या विधानातील ‘च’ किती सैल आहे, हे एकाच आवारातील या दोन यंत्रांनी दाखवले आहे.

आता हिशेबाची दुसरी बाजू. विंडोज १०चा पाठिंबा संपल्याने सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागू शकतात, असा अंदाज कॅनालिस या बाजारविश्लेषण संस्थेने २०२३अखेर वर्तवला होता. २०२२मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. लॅपटॉपच्या उभ्या आयुष्यातील कर्ब-उत्सर्जनाचा मोठा वाटा तो कारखान्यातून बाहेर पडेपर्यंतच खर्च झालेला असतो. त्यामुळे नवा संगणक वीज थोडी कमी खातो हा युक्तिवाद बहुधा टिकत नाही. जुना आणखी तीन वर्षे चालवणे हेच पर्यावरणाला स्वस्त पडते. आणि हे सारे अशा देशात, जिथे यूडायस प्लसच्या २०२४-२५च्या आकडेवारीनुसार सुमारे ३५ टक्के शाळांत संगणकाची सोय नाही. एका बाजूला चालू यंत्रांवर लाल फुली आणि दुसऱ्या बाजूला पाटीवर काढलेल्या संगणकाच्या चित्रावरून ‘माऊस म्हणजे काय’ शिकणारी मुले, हे दृश्य आपल्याला बोचत नसेल, तर आपल्या विज्ञानशिक्षणात काहीतरी राहून गेले आहे.

बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरचे दुकानदार हे गणित आपल्याआधी शिकले आहेत. आयटी कंपन्यांनी बदलून टाकलेले लॅपटॉप तेथे उघडले जातात, रॅम वाढते, डिस्क बदलते आणि ते विद्यार्थ्यांच्या हाती जातात. बाजाराला जे कळते, ते आपल्या संस्थांच्या नोंदवह्यांना कळत नाही. तेथे ‘चालतो’ आणि ‘चालत नाही’ असे दोनच रकाने असतात.

मला त्या नोंदवहीत तिसरा रकाना हवा आहे. निर्लेखनाच्या प्रस्तावावर लिहिले जावे: हे यंत्र अशक्य या कारणाने जात आहे, अवघड या कारणाने, की अमान्य या कारणाने? अशक्य असेल, तर ते रीतसर परवाना असलेल्या पुनर्चक्रणाकडे जावे. अवघड असेल, तर एसएसडी आणि रॅम यांचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीशी ताडून पाहावा. अमान्य असेल, तर दुसरी प्रणाली बसवून ते आधी आपल्याच प्रयोगशाळेत आणि नंतर एखाद्या शाळेत जावे. केरळच्या सरकारी शाळांतील संगणक कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवर चालत आहेत. सी-डॅकने डेबियनवर आधारलेली, भारतीय भाषांची सोय असलेली बॉस ही प्रणाली तयार केली आहे. मार्ग नवा पाडायचा नाही, चालायचे आहे.

अडचणी आहेत. काही अभियांत्रिकी सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते, एखादा जुना प्रिंटर रुसतो, शिक्षकांना नव्या पडद्याची सवय लागायला एक सत्र जाते. म्हणून तीसपैकी तीसही यंत्रे वाचतील असे मी म्हणत नाही. पाच यंत्रे नवी घ्यावीत, त्यांवर ते विशिष्ट सॉफ्टवेअर ठेवावे; पंचवीस वाचतील. पुढच्या खरेदीच्या वेळी निविदेत किंमत आणि रॅम यांच्याबरोबर एक ओळ वाढवावी: सुरक्षा अद्यतने किती वर्षे मिळतील? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. स्क्रू आणि सुटे भाग यांच्यावर त्या हक्काची चर्चा थांबू नये. अद्यतने बंद करून संगणक निकामी ठरवणे, हाही दुरुस्ती नाकारण्याचाच प्रकार आहे.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमच्या आवाक्यातले आहे. आपल्या महाविद्यालयातील लाल फुलीचे पाच संगणक मागून घ्या. प्रोसेसरची पिढी, त्याला समजणाऱ्या आज्ञा, टीपीएमची स्थिती, रॅम आणि डिस्क यांची नोंद करा. दोन वेगवेगळ्या प्रणाली बसवून सुरू होण्याचा वेळ, रिकाम्या अवस्थेतील रॅमचा वापर आणि विजेचा खप मोजा. तक्ता करा आणि प्राचार्यांसमोर ठेवा. कदाचित पाचांपैकी दोन यंत्रे खरोखरच मेलेली निघतील, तेही लिहा. कोणत्याही प्रकल्प अहवालाइतकेच हे विज्ञान आहे, आणि त्याच्या शेवटी एखाद्या शाळेत तीन संगणक सुरू झालेले असतील.

त्या व्हरांड्यातून निघताना साहाय्यकांना विचारले, ‘यांचा लिलाव कधी?’ ते म्हणाले, ‘मार्चअखेर, सर. तोवर कुणी मागितले तर देता येतील. पण कुणीतरी मागायला पाहिजे.’

तुमच्या संस्थेत असे किती संगणक पडून आहेत, आणि ते तिन्हींपैकी कोणत्या कारणाने? खाली जरूर लिहा.